लातिबाइर : आइसलँडच्या एका बालमालिकेची हकीकत

आइसलँडच्या सरकारी दूरचित्रवाणीचे प्रक्षेपण १९६६ सालच्या सप्टेंबरअखेर सुरू झाले, आणि त्यानंतर कित्येक वर्षे तेथे दर गुरुवारी दूरचित्रवाणी बंद राही, तर उन्हाळ्यातील जुलै महिना संपूर्ण सुटीचाच असे. १९८३ साली जुलैची ही सुटी संपली आणि १९८७ साली गुरुवारही प्रक्षेपणाचा झाला. १९६४ साली जन्मलेल्या माग्नुस शेविंग यांचे बालपण अशा देशात, बोर्गारनेस नावाच्या पश्चिम किनाऱ्यावरील लहानशा गावात गेले. आठवड्यातून एक दिवस आणि वर्षातून एक महिना मुलांना आपली करमणूक आपणच शोधावी लागे, अशा देशातील मनुष्याने पुढे शंभरांहून अधिक देशांतील बालकांना पडद्यासमोर बसवून त्याच पडद्यासमोरून उठण्याची प्रेरणा दिली, ही गोष्ट ‘लेझीटाउन’, म्हणजे मूळच्या आइसलँडिक नावाने ‘लातिबाइर’, या मालिकेचा विचार करताना ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

शेविंग यांचा व्यायामाशी संबंध एका पैजेतून आला, असे सांगितले जाते. दोघा मित्रांनी आपणांस सर्वस्वी अपरिचित अशा एकेका खेळात प्रावीण्य मिळवून दाखवावे असे ठरले, मित्राच्या वाट्याला स्नूकर आला आणि यांच्या वाट्याला संगीताच्या तालावरील व्यायाम, म्हणजे एरोबिक्स. पैजेचा विडा त्यांनी असा उचलला की १९९४ आणि १९९५ अशी लागोपाठ दोन वर्षे ते त्या क्रीडाप्रकारात युरोपचे विजेते ठरले. कीर्ती झाल्यावर व्याख्यानांची निमंत्रणे येऊ लागली, आणि गावोगावच्या सभांतून आईबापांचा प्रश्न बहुधा एकच असे : मुलांना नीट खायला कसे लावावे, आणि घराबाहेर खेळायला कसे पाठवावे? या प्रश्नाचे उत्तर म्हणून १९९५ साली ‘आफ्राम लातिबाइर!’ हे पुस्तक निघाले. त्यातील कथा अशी की आळशी माणसांच्या एका गावाच्या नगराध्यक्षांना राष्ट्राध्यक्षांकडून क्रीडामहोत्सवात भाग घेण्याविषयीचा खलिता येतो, गावातल्या एकाही मुलाच्या अंगी धावण्याचे त्राण नाही हे जाणून ते गृहस्थ हवालदिल होतात, आणि अशा वेळी एक क्रीडाप्रेमी यक्ष तेथे अवतरतो. गावातील मुले एकेका दोषाची मूर्ती होती : एक गोडघाशा, एक चिक्कू, एक खोडकर, एक यंत्रांच्या नादी लागलेला. दोष सर्वांचे ओळखीचे होते, परंतु त्यांपायी कोणाही मुलाला वाईट ठरविलेले नव्हते. लेखकाचे हे औदार्य मालिकेतही शेवटपर्यंत टिकले.

पुस्तकावरून १९९६ साली संगीतिका झाली, आणि १९९९ च्या दुसऱ्या नाटकात ‘ग्लान्नी ग्लाइपुर’ हा खलनायक प्रथम रंगमंचावर आला. ती भूमिका स्तेफान कार्ल स्तेफान्सन या तरुण नटाने केली, आणि पुढे दूरचित्रवाणीवर रॉबी रॉटन या नावाने तोच नट जगाला परिचित झाला. मौनी स्वावारसन या संगीतकाराच्या चालींनी मालिकेला ताल दिला. म्हणजे दूरचित्रवाणीचा कॅमेरा फिरू लागण्यापूर्वी ही सृष्टी पुस्तकांत आणि रंगभूमीवर आठ-नऊ वर्षे वाढलेली होती, आणि तिची पात्रे प्रत्यक्ष मुलांच्या हशाटाळ्यांत पारखली गेली होती.

आइसलँडमध्ये याच सुमारास लातिबाइरच्या नावाने जे प्रयोग झाले, ते मला मालिकेहूनही मोलाचे वाटतात. ‘ऊर्जा मोहीम’ म्हणून ज्या उपक्रमाची ख्याती झाली, त्यात मूल आणि त्याचे आईबाप यांच्यात रीतसर करारनामा होई, आणि दोन्ही पक्ष त्यावर सह्या करीत. मुलाने रोज काय खाल्ले, किती खेळले, वेळेवर निजले की नाही, याची नोंद त्याने आपल्या वहीत चिकटचित्रे लावून स्वतःच करावयाची. चार-पाच वर्षांच्या बालकाच्या हाती त्याचे स्वतःचे दप्तर देणे ही युक्ती साधी दिसते. परंतु आज्ञा पाळणारे मूल आणि करार पाळणारे मूल यांत जे अंतर आहे, ते ज्याने मुले वाढविली आहेत त्याला समजावून सांगावे लागत नाही. मोहिमेच्या काळात देशातील फळे व भाज्या यांचा खप वाढल्याचेही त्या वेळी सांगितले गेले. रेकयाविकच्या वार्षिक मॅरेथॉनच्या दिवशी होणारी लहान मुलांची धाव काही वर्षे लातिबाइरच्याच नावाने भरत असे.

निकलोडियन या अमेरिकन वाहिनीशी बोलणी होऊन मालिकेची तजवीज झाली, तेव्हा एक अट शेविंग यांच्या बाजूने पक्की राहिली : निर्मिती आइसलँडमध्येच व्हावी. त्याप्रमाणे रेकयाविकला लागून असलेल्या गार्डाबाइर येथे त्यांचा स्टुडिओ उभा राहिला. त्या वेळी तीन लाखांनाही न पोहोचलेल्या लोकवस्तीच्या देशात एवढ्या खर्चाची बालमालिका घडावी हे नवलच होते. एकेका भागाचा खर्च दहा लाख डॉलरच्या आसपास जाई, असे बोलले जाई. नट माणसे, मुले बहुतेक बाहुल्या, आणि गावाचा पुष्कळसा भाग संगणकावर रचलेला, अशी ही त्रिविध रचना होती. हिरव्या पडद्यापुढे उभ्या राहिलेल्या नटामागे घरे, रस्ते आणि आकाश उमटविण्यासाठी, संगणकीय खेळांकरिता निर्माण झालेल्या अन्रियल इंजिनाचा आधार घेण्यात आला होता.

१६ ऑगस्ट २००४ रोजी अमेरिकेत पहिला भाग दाखविला गेला. गुलाबी केसांची स्टेफनी ही आठ वर्षांची मुलगी नगराध्यक्ष असलेल्या काकांकडे येते, आणि गावातील मुले दारे लावून आत बसलेली पाहून चकित होते. ही भूमिका पहिल्या दोन पर्वांत जुलियाना रोझ मॉरिएलो या अमेरिकन बालनटीने केली. आकाशातील विमानात राहणारा स्पोर्टाकस, म्हणजे स्वतः शेविंग, छातीवरील स्फटिक किणकिणला की खाली झेपावतो. येथे एक बारकावा पाहण्यासारखा आहे. साखरेचा पदार्थ पोटात गेला की या वीराचे सारे बळ ओसरून तो जागच्या जागी कोसळतो, आणि कोणीतरी सफरचंद तोंडाशी नेले की पुन्हा उभा राहतो; ते सफरचंद आणून देणारी बहुधा मुलेच असतात. ज्याच्याकडून बळ घ्यावयाचे त्यालाच संकटात आपण बळ द्यावयाचे, हा अनुभव बालप्रेक्षकाला भागामागून भाग मिळत जातो. फळांना तेथे खेळाडूंचा खाऊ म्हणतात. वीर रात्री ठरल्या वेळी, आठ वाजून आठ मिनिटांनी, निजतो. प्रत्येक भागाच्या शेवटचे नृत्यगीत असे रचलेले की घरातील मुलाने ते उभ्यानेच पाहावे. मधुमेहाचे भय, वजनाचा काटा किंवा वैद्याची तंबी यांना या गावात प्रवेश नाही, आणि मला हाच त्या रचनेचा सर्वांत विचारपूर्वक पाळलेला नियम वाटतो.

आता रॉबी रॉटन. तो जमिनीखालच्या आपल्या घरात केसाळ नारिंगी खुर्चीत पडून राहतो, केक खातो, आणि वर मुलांचा कलकलाट झाला की झोप मोडते म्हणून नाना वेषांतरे करून खेळ बंद पाडण्याचे कारस्थान रचतो. त्याला मुलांचे अनिष्ट करावयाचे नसते, फक्त शांतता हवी असते. म्हणूनच स्वतःच्या आळसाकडे हसून पाहण्याची सोय मुलाला त्याच्यात सापडते. एका खांद्याच्या हालचालीतून, लांब हनुवटीच्या एका झटक्यातून स्तेफान्सन यांनी जो विनोद साधला, तो अभ्यासलेल्या नटाचाच होता.

पुढील प्रक्षेपण-इतिहास वेगाने सांगता येतो. २००५ पासून ब्रिटनमध्ये बीबीसीच्या लहान मुलांच्या वाहिनीवर मालिका लागली, २००६ साली बाफ्टाचे आंतरराष्ट्रीय बालमालिकेसाठीचे पारितोषिक मिळाले, २००७ साली दुसरे पर्व संपले, आणि २००८ मध्ये ब्रिटनसाठी ‘लेझीटाउन एक्स्ट्रा’ ही छोट्या भागांची जोडमालिका निघाली. मात्र एका विसंगतीपाशी थांबले पाहिजे. २००६ च्या जानेवारीत अमेरिकेतील एका ग्राहकहितवादी संस्थेने निकलोडियनच्या मालक कंपनीवर आणि एका मोठ्या खाद्य कंपनीवर, मुलांना निकृष्ट खाद्यांच्या जाहिराती दाखविल्याबद्दल, दावा गुदरण्याची नोटीस दिली. ज्या वाहिनीवर स्पोर्टाकस सफरचंदाचा पुरस्कार करी, तिच्यावरच हा आरोप होता. ब्रिटनमधील बीबीसीच्या वाहिनीवर मात्र जाहिरातींना जागाच नाही. शिवाय तेथील प्रक्षेपणाचे नियामक मंडळ ऑफकॉम याने २००७ पासून लहानांच्या कार्यक्रमांतून अतिसाखर, अतिमीठ व अतिस्निग्ध खाद्यांच्या जाहिराती हटविण्यास आरंभ केला. कार्यक्रम कितीही सच्चा असला, तरी त्याच्या आधी आणि नंतर पडद्यावर काय येते याचा हुकूम दुसऱ्याच कचेरीतून सुटतो, आणि मुलाला या दोहोंतील सीमारेषा दिसत नाही. आरोग्यविषयक मालिकेची तारीफ करणाऱ्यांनी हा कारभारही तपासला पाहिजे, असे मला आग्रहाने म्हणावेसे वाटते.

२०११ साली टर्नर ब्रॉडकास्टिंगने कंपनी विकत घेतली. स्टेफनीच्या भूमिकेत क्लोई लँग आली, आणि २०१३ व २०१४ मध्ये तेरा-तेरा भागांची दोन पर्वे होऊन निर्मिती थांबली. अखेरच्या पर्वातील एका भागात रॉबी आपल्यासारख्याच तिघांना खलनायकीचे धडे देतो. त्यातील गाणे २०१६ साली अकस्मात जगभरच्या तरुणांच्या तोंडी झाले. लहानपणी ही मालिका पाहिलेली पिढी तोवर मोठी झाली होती. त्याच वर्षी स्तेफान्सन यांना कर्करोग झाल्याचे प्रसिद्ध झाले, आणि मालिकेच्या लेखकांपैकी एकाने सुरू केलेल्या मदतनिधीत या प्रेक्षकांनी लाखाहून अधिक डॉलर जमविले. डिसेंबरात आजारी स्तेफान्सन यांनी जुन्या सहकाऱ्यांसह ते गाणे पुन्हा थेट प्रक्षेपणात सादर केले. २१ ऑगस्ट २०१८ रोजी, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.