मागे धरलेले ध्रुपद

इ.स. १६३० ते १६३२ या काळात दख्खन आणि गुजरातवर जो भीषण दुष्काळ कोसळला, त्यात देहूच्या वाण्याच्या घरातील रखमाबाई ही संतकवी तुकोबांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली आणि परंपरेनुसार त्यांचा मुलगा संतू हाही त्याच सुमारास दगावला. आईवडील व थोरली भावजय त्याआधीच निवर्तली होती, थोरला भाऊ सावजी विरक्त होऊन तीर्थयात्रेला निघून गेला होता आणि पिढीजात व्यापारही बुडाला होता. जिवलगांच्या मृत्यूनंतर श्रद्धेतून आधार मिळतो असे सहज म्हटले जाते. पण तो नेमका कसा मिळतो, हे समजून घेण्यास तुकोबांच्या आयुष्यातील हा कालखंड फार उपयोगी आहे, कारण त्याविषयी त्यांनी स्वतःच एका आत्मचरित्रपर अभंगात सांगून ठेवले आहे.

या अभंगातील घटनांचा क्रम पाहण्याजोगा आहे. बायको अन्न अन्न करीत मेली, याची लाज वाटली, मनाला त्रास झाला, हे तुकोबा आधी सांगतात. त्यानंतर लगेच देवाची इच्छा किंवा पूर्वसंचित असे कोणतेही स्पष्टीकरण येत नाही, तर गावातील विठ्ठलाचे भंगलेले देऊळ दुरुस्त करावेसे वाटले, ही साधी नोंद येते. पुढे एकादशीच्या कीर्तनाला, म्हणजे गायन आणि निरूपण यांतून होणाऱ्या सामुदायिक भक्तीला, ते उभे राहू लागले. मात्र सुरुवातीला अभ्यासात चित्त नव्हते, अशी कबुलीही ते देतात. संतांची काही वचने त्यांनी पाठ केली आणि पुढे गाणाऱ्यांच्या मागे ध्रुपद, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी पालुपदाची ओळ, धरली. ज्याला स्वतःचे शब्द सुचत नाहीत, त्याला दुसऱ्याची ओळ धरता येते. सांत्वनाची सुरुवात विश्वासापेक्षा अशा कामातून आणि सोबतीतून झाली, असे येथे दिसते.

पश्चिम महाराष्ट्रातील वारकरी घरांत आजही हा धागा टिकून आहे. दशक्रियेच्या, म्हणजे दहाव्या दिवसाच्या पिंडदानाच्या वेळी घाटावर प्रवचन ठेवले जाते आणि वर्षश्राद्धाला कीर्तन होते. त्यातील निरूपण दुःखात बुडालेल्या माणसाच्या कानापर्यंत पोहोचतेच असे नाही, पण टाळ वाजत असतात, गाव बसलेले असते आणि पालुपद त्याच्या तोंडी आपोआप येते. (अशा प्रवचनांतून उपदेशाचा डोस काही वेळा जरा जास्तच होतो, हेही खरे.)

तुकोबांच्या गाथेत याच्या नेमके उलट भासणारे अभंगही आहेत. दिवाळे निघाले ते बरे झाले, दुष्काळाने पीडले ते बरे झाले, बायको गेली, मूल गेले, तेही बरेच झाले, अशा अर्थाचे हे उद्गार आजच्या वाचकाला निष्ठुर वाटतात आणि काही अभ्यासक त्यांत केवळ वैराग्य पाहतात. परंतु आत्मचरित्रपर अभंगातील ती लाज आणि तो त्रास यांच्या शेजारी ठेवून वाचले, तर हे शब्द मोठा पल्ला चालून आलेल्या माणसाचे वाटतात. ते त्याने स्वतःच्या दुःखाविषयी उच्चारले म्हणून त्यांना अर्थ आहे, आणि नुकत्याच प्रेत उचललेल्या घरात जाऊन हेच शब्द दुसऱ्याने ऐकवणे ही निव्वळ क्रूरता ठरेल.

देहूच्या त्या घरात तुकोबांची दुसरी पत्नी जिजाबाई हीदेखील होती. सवतीचा आणि तिच्या मुलाचा मृत्यू, बुडालेला धंदा आणि भंडाऱ्याच्या डोंगरावर जाऊन बसणारा नवरा, हे सारे तिनेही सोसले आणि चूल तिलाच पेटवावी लागली. विठ्ठलाला शिव्या देणारी भांडकुदळ बाई म्हणून परंपरेने तिला लक्षात ठेवले आहे. तिच्या बाजूचा एकही अभंग मात्र मागे उरलेला नाही.