वायर तीच, आवाज वेगळा : मॉड्युलर सिंथची बाराखडी

हेडफोन लावलेत ना? लावाच, कारण आजचे खोल आवाज फोनच्या स्पीकरला झेपत नाहीत.

मॉड्युलर सिंथचा फोटो बघितला की वाटतं, हे काय, वायरींचं जंगल! पण त्या वायरींमधून मुळात दोन प्रकारचे सिग्नल जातात. एक, ऐकायचा : ऑडिओ. दुसरा, हुकूम सोडणारा : कंट्रोल व्होल्टेज, म्हणजे सीव्ही. रॉबर्ट मूग यांनी १९६४ मध्ये सिंथ बनवला, तो याच सीव्हीवर चालायचा. हिशोब सोपा : १ व्होल्ट वाढवा, सूर एक सप्तक वर. २२० हर्ट्झचा थेट ४४०. असा एक मूग १९६९ मध्ये अहमदाबादच्या एनआयडीतही आला होता बरं का!

आता ऑडिओचा रस्ता बघू. ऑसिलेटर आवाज काढतो. लो-पास फिल्टर त्यातला वरचा चिरका भाग कापतो. बंद दाराआडून डीजे ऐकू यावा तसं. शेवटी व्हीसीए आवाज लहान-मोठा करतो.

पण हे नॉब फिरवणार कोण? दुसरा सिग्नल! यालाच म्हणायचं मॉड्युलेशन.

एन्व्हलपचे चार भाग : अटॅक, डिके, सस्टेन, रिलीज. इथे बरेच जण गोंधळतात. बाकी तिन्ही वेळ सांगतात, सस्टेन मात्र पातळी सांगतो. तबल्याच्या थापेचा अटॅक झटपट, बासरीचा जरा सावकाश.

एलएफओ म्हणजे इतका संथ ऑसिलेटर, की तो स्वतः ऐकू येत नाही. व्हीसीएला जोडला तर ट्रेमोलो, सुराला जोडला तर व्हिब्राटो.

आता खरी गंमत. व्हिब्राटोचा वेग ५ हर्ट्झवरून वाढवत न्या. २०-३० च्या पुढे सुराचं डुलणं वेगळं कळेनासं होतं. आणखी वाढवलं की मूळ आवाजात नसलेले नवे सूर उमटतात, कधी घंटेसारखे. हेच एफएम! जॉन चाऊनिंग यांना ते १९६७ मध्ये स्टॅनफर्डला गवसलं, आणि १९८३ च्या यामाहा डीएक्स७ मुळे जगभर पोचलं.

म्हणजे बघा, वायर तीच, फक्त वेग बदलला. ‘हुकूम’ आणि ‘आवाज’ यांच्यातली सीमा मशीनमध्ये नाहीच, ती आपल्या कानात आहे.

करून बघायचंय? महागडं काही घेऊ नका. कॉम्प्युटरवर व्हीसीव्ही रॅक फुकट मिळतं. फक्त व्हॉल्यूम कमी ठेवून सुरुवात करा. कान एकदाच मिळतात, मंडळी!