पाच मायक्रॉनची चाल

माशीच्या डोळ्यातली एकेक षटकोनी नेत्रिका वेगळी मोजता यावी, असा फोटो समोर आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: लेन्स कुठली? प्रश्न स्वाभाविक आहे. लेन्सला नाव असतं, किंमत असते, तिच्याबद्दल तावातावाने बोलता येतं. पण मायक्रोस्कोपची लेन्स कॅमेऱ्याला जोडून कीटक, पराग, बुरशी, खनिजं टिपणाऱ्या हौशी मंडळींचं काम नीट पाहिलं, तर फरक बहुतेक वेळा काचेत सापडत नाही. महागड्या ऑब्जेक्टिव्हवरही, म्हणजे मायक्रोस्कोपच्या लेन्सवरही, फोटो फसतात आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेतून बाद झालेल्या ऑब्जेक्टिव्हवरही थक्क करणारे फोटो निघतात. फरक असतो तो एका धातूच्या सरकपट्टीत. ती ५ मायक्रॉन सरकते का, सरकल्यावर तिथेच थांबते का आणि हेच सलग दोनशे-तीनशे वेळा करते का, यावर सगळं ठरतं. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. या छंदातला पैसा आणि चर्चा लेन्सकडे जाते, आणि खरं काम करणारी ही यंत्रणा उपेक्षित राहते, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्यामागचं कारण प्रकाशाच्या स्वभावात आहे. साध्या फोटोत डेप्थ कमी पडली की अ‍ॅपर्चर बारीक करायचं, हा धडा पहिल्याच दिवशी शिकवला जातो. जवळून फोटो काढताना तो उलटतो. पाचपट मोठ्या प्रतिमेसाठी लेन्सवर एफ/११ लावलं, तर प्रत्यक्षातलं अ‍ॅपर्चर एफ/६६ इतकं बारीक होतं, कारण आकड्याला एक अधिक पटीने, म्हणजे सहाने गुणावं लागतं. इतक्या बारीक भोकातून आलेला प्रकाशाचा बिंदू पसरून सेन्सरवर जवळपास ९० मायक्रॉनचा ठिपका होतो आणि पिक्सेल असतो ४ मायक्रॉनचा. डेप्थ मिळते, पण दाखवण्यासारखा तपशीलच उरत नाही. म्हणून मायक्रोस्कोपचं ऑब्जेक्टिव्ह वापरायचं. १० पटीचं, ०.२५ न्यूमरिकल अ‍ॅपर्चरचं साधं ऑब्जेक्टिव्ह दीड मायक्रॉनच्या आसपासचा तपशील वेगळा दाखवतं. मात्र एका वेळी जेमतेम ९ मायक्रॉन जाडीचा थरच फोकसमध्ये असतो. मुंगीच्या डोक्याची नुसती पुढची बाजू १ मिलिमीटर खोल धरली, तरी थर एकमेकांवर थोडे चढते ठेवून ५ मायक्रॉनच्या चालीने २०० फोटो काढावे लागतात. मग झेरीन स्टॅकर किंवा युक्रेनमधल्या खार्किवच्या मंडळींनी केलेलं हेलिकॉन फोकस हे प्रोग्राम प्रत्येक फोटोतला तेवढा रेखीव भाग उचलून एकच चित्र तयार करतात. यालाच फोकस स्टॅकिंग म्हणतात. ब्रिटिश छायाचित्रकार लेव्हन बिस यांनी ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या निसर्गेतिहास संग्रहालयातल्या कीटकांचे जे भव्य फोटो २०१६ मध्ये प्रदर्शनात मांडले, त्यातल्या एकेका कीटकासाठी सुमारे ८,००० फोटो घेतले होते आणि कॅमेरा दर वेळी १० मायक्रॉन सरकत होता.

स्टॅकिंगआधीचा इतिहास थोडक्यात सांगता येतो, कारण त्यात खोलीची अडचण टाळलेलीच दिसते. अमेरिकेतल्या व्हर्माँटमधल्या जेरिको गावचा शेतकरी विल्सन बेंटली याने १८८५ च्या जानेवारीत मायक्रोस्कोप आणि भात्याचा कॅमेरा जोडून हिमकणाचा फोटो घेतला आणि पुढे आयुष्यभरात ५,००० च्या वर हिमकण टिपले. हिमकण चपटा, त्यामुळे एका फोटोत तो पुरा मावला. काचपट्टीवरचे पातळ छेद, डायटम नावाची सूक्ष्म शैवालं, फुलपाखराच्या पंखावरचे खवले हे विषय हौशी लोकांच्या आवडीचे झाले त्यालाही हेच कारण आहे. तरीही बेंटलीला फोकसच्या चाकाने छळलंच. भाता लांब असल्याने मागच्या काचेवर प्रतिमा पाहताना हात त्या चाकापर्यंत पोचत नसे, म्हणून त्याने दोरी आणि चाकं लावून ते लांबून फिरवायची सोय केली होती. आजच्या हौशी माणसाने त्या दोरीच्या जागी मोटर बसवली आहे.

ती मोटर ज्याला बसवतात तो भाग सावकाश पाहण्यासारखा आहे. जुन्या मायक्रोस्कोपच्या बऱ्याच स्टँडवर एकाच आसावर दोन चाकं असतात, मोठं भराभर सरकवण्यासाठी आणि लहान बारीक फोकससाठी. अनेक चांगल्या स्टँडवर लहान चाकाचा एक पूर्ण फेरा म्हणजे ०.२ मिलिमीटर, आणि चाकावर १०० रेघा. म्हणजे एका रेघेला २ मायक्रॉन. चाकामागे दातेरी गिअरची उतरंड असते, ती बोटाची चाल कमी करत नेते आणि शेवटी गोळ्यांवर किंवा रोलरवर धावणारी सरकपट्टी हलते. आता प्रिंटरमध्ये असते तसली स्टेपर मोटर घ्या. तिच्या एका फेऱ्याचे २०० टप्पे असतात. ती या चाकाला थेट जोडली की एक टप्पा बरोबर १ मायक्रॉनचा होतो. पाच टप्पे, एक फोटो, पुन्हा पाच टप्पे. ज्याने हा स्टँड केला त्याच्या मनात कॅमेरा नव्हता, मोटर नव्हती. डोळ्याने पाहणाऱ्याच्या बोटाला सुख लागावं एवढाच त्याचा हेतू होता. ती कारागिरी इतक्या वर्षांनी दुसऱ्याच कामाला जशीच्या तशी उपयोगी पडते, याचं मला मनापासून कौतुक वाटतं. आपल्याकडे कॉलेजांमध्ये अंबाल्याच्या बनावटीचे मायक्रोस्कोप पुष्कळ आहेत. त्यांच्या ऑब्जेक्टिव्हचे आटे ब्रिटनच्या रॉयल मायक्रोस्कोपिकल सोसायटीच्या जुन्या मापाचेच असल्याने काच अदलाबदल करता येते. सरकपट्टी मात्र एकेकाची तपासूनच घ्यावी लागते. लेथवर काम करणाऱ्या कुणाकडेही बारीक हालचाल मोजणारं डायल गेज असतं. ते टेकवून चाक एकेक रेघ पुढे न्यायचं आणि काटा दर वेळी सारखा हलतो का पाहायचं. कित्येकदा काटा दोन रेघा हलतच नाही आणि तिसऱ्या रेघेला उडी मारतो. दोष बहुधा वाळून चिकट झालेल्या ग्रीसचा असतो. ते पेट्रोलने धुऊन नवं घट्ट ग्रीस भरलं की पट्टी पुन्हा मऊ चालते.

यावर कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, तयार मोटरची रेल मिळते आणि नव्या कॅमेऱ्यांत तर फोकस आपोआप सरकवण्याची सोयच आहे. रेल चांगली असेल तर जरूर घ्यावी. माझा आग्रह जुन्या वस्तूचा नाही, चाल खरी असण्याचा आहे. स्वस्त रेलच्या जाहिरातीत मायक्रॉनच्या अपूर्णांकातला टप्पा छापलेला असतो तो मोटरचा हिशेब असतो. स्क्रूच्या आट्यांत प्ले, म्हणजे ढिलेपणा, असेल तर प्रत्यक्ष पट्टी काय करते ते डायल गेजच सांगतं. कॅमेऱ्यातली सोय लेन्सच्या आतली मोटर हलवते आणि फुलं-फुलपाखरांच्या फोटोंना ती उत्तम आहे, पण मायक्रोस्कोपच्या ऑब्जेक्टिव्हमध्ये मोटरच नसते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. दोनशे फोटोंतून जोडलेलं चित्र खरं कसं मानायचं, असं तर कुठल्याच डोळ्याला दिसत नाही. हे मान्य करूनही मला वाटतं की स्टॅक नवं काही रचत नाही. त्यातला प्रत्येक रेखीव कण त्या कीटकावर त्या जागी होता, प्रोग्रामने फक्त अंधूक भाग गाळला. मायक्रोस्कोपवर बसलेला अभ्यासकही चाक पुढेमागे फिरवत मनात हीच जुळणी करत असतो. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप खोली भरपूर देतो, पण त्याच्याजवळ रंग नाही, आणि भुंग्याच्या पाठीवरची हिरवी झाक हाच ज्याचा विषय आहे त्याला ते चित्र पुरत नाही. खोटेपणाचा धोका आहे तो जुळणी चुकण्यात, आणि तिथे मूळ प्रश्न पुन्हा चालीशीच येतो.

कारण चाल बिघडवणाऱ्या गोष्टी खूप आहेत. स्टँड उभा असतो तेव्हा वजनामुळे गिअरचे दाते एकाच बाजूला टेकलेले राहतात. तोच स्टँड आडवा केला की ते मोकळे होतात आणि पट्टी आपल्या मनाने मागेपुढे डुलते. मग स्प्रिंग लावून किंवा कप्पीवरून वजन सोडून तिला ओढून धरावं लागतं, आणि सगळे फोटो एकाच दिशेने जात घ्यावे लागतात. किलोभर वजनाचा कॅमेरा पेलायला ही पट्टी बनवलेलीच नाही, म्हणून कॅमेरा पक्का बसवून पट्टीवर टाचणीला चिकटवलेला कीटक ठेवणं शहाणपणाचं. उष्णताही आड येते. ३० सेंटिमीटरची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी एका अंशाने तापली की साधारण ७ मायक्रॉन लांबते, म्हणजे एका टप्प्याहून जास्त. दुपारी सुरू केलेल्या स्टॅकमध्ये मधेच पंखा लावला तर ते चित्रात उमटू शकतं. कंपनांचं तर विचारू नये. १० पटीला ४ मायक्रॉनचा पिक्सेल विषयावरचे फक्त ०.४ मायक्रॉन पाहतो, आणि तेवढं हलायला कॅमेऱ्याचं शटर किंवा रस्त्यावरून गेलेला ट्रक पुरतो. फ्लॅश अगदी कमी ताकदीवर चालवला तर त्याची झळक सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाहूनही आखूड होते आणि बरंचसं कंपन गोठतं. तोच प्रकाश ट्रेसिंग पेपरच्या नळीतून मवाळ करून सोडला नाही, तर कीटकाच्या चकचकीत कवचावर पांढरे डाग पडतात आणि त्याखालचा पोत हरवतो.

इतकं साधल्यावर कीटक स्वतः अडवतो. ताजा मेलेला नमुना वाळत असतो. अर्ध्या तासाच्या स्टॅकमध्ये मिशा केसभर खाली येतात, आणि इथे केसभर म्हणजे चौदा टप्पे. सेन्सरवरचा धुळीचा कण दर फोटोत तिथेच राहतो, पण जुळवणीसाठी प्रोग्राम प्रत्येक फोटो किंचित ताणतो किंवा आवळतो, त्यामुळे अंतिम चित्रात त्या एका कणाची लांब रेघ उमटते. सर्वांत चिवट अडचण एकमेकांवरून गेलेल्या केसांची. पुढचा केस रेखीव असतो त्या फोटोत मागचा धूसर, आणि मागचा रेखीव होईपर्यंत पुढच्याची धूसर सावली त्याच्यावर पसरते. झेरीनमधली पीमॅक्स पद्धत केस चांगले सोडवते, पण रंगाचे कण भरड करते आणि कॉन्ट्रास्ट वाढवते; त्यातलीच डीमॅप पद्धत रंग जपते आणि केसांच्या गुंत्यात चुकते. म्हणून जाणकार दोन्ही पद्धतींनी चित्र काढून हाताने दुरुस्ती करतात. दाट केस असतील तर तीनशे फोटोंचे वीस-वीसचे गठ्ठे करून आधी त्यांचे वेगळे स्टॅक काढतात आणि कोणता केस कोणत्या गठ्ठ्यातून घ्यायचा ते एकेक करून ठरवतात. मधमाशीच्या चेहऱ्याला यात अख्खी संध्याकाळ जाते. त्यात सरकपट्टीने एकदाच जरी १५ मायक्रॉनची उडी मारली असेल, तर त्या खोलीवरच्या प्रत्येक केसावर एक अंधूक पट्टा राहतो. तेवढ्या थराचा फोटो मुळात घेतलेलाच नसतो, त्यामुळे तो पट्टा कोणत्याही प्रोग्रामला भरून काढता येत नाही. पुन्हा पहिल्या फोटोपासून सुरुवात करावी, तर तोवर मिशा वाळून खाली आलेल्या असतात, आणि नमुना ओलसर डबीत एक-दोन दिवस ठेवून मऊ करावा लागतो.