व्हिएन्नाच्या नळाला डोंगराचं पाणी
व्हिएन्नातल्या जुन्या कॉफीहाउसमध्ये कॉफी मागवली की वेटर छोट्या तबकात कपासोबत पाण्याचा ग्लासही आणतो. चमचा बहुतेकदा त्या ग्लासावर पालथा ठेवलेला असतो. एका कपावर गिऱ्हाईक दोन तास वर्तमानपत्र वाचत बसलं तरी त्याला कुणी उठवत नाही. पाणी नळाचंच असतं. ऑस्ट्रियाच्या या राजधानीत काय आवडतं असं तिथल्या माणसाला विचारा. मोझार्ट आणि राजवाड्यांच्या आधी तो कदाचित या पाण्याचंच नाव घेईल.

एकोणिसाव्या शतकात इथले लोक विहिरींचं दूषित पाणी पीत, पटकी आणि विषमज्वराच्या साथी येत. भूगर्भशास्त्रज्ञ एडुआर्ड झ्यूस यांनी नगरपरिषदेत आग्रह धरला की पाणी थेट आल्प्समधल्या झऱ्यांतून आणायचं. 1873 मध्ये पहिली जलवाहिनी सुरू झाली, 1910 मध्ये दुसरी. पाणी उताराच्या जोरावर पंपाशिवाय शहरापर्यंत येतं आणि वाटेत त्यावर वीजही तयार होते. दुसऱ्या वाहिनीतून निघालेल्या पाण्याला घरच्या नळापर्यंत यायला साधारण दीड दिवस लागतो. रस्तोरस्ती पाणपोया आहेत, हजाराहून जास्त. सगळ्यांना एकच पाणी, तेही उत्तम.

घरांच्या बाबतीतही शहराने हाच विचार केला. पहिल्या महायुद्धानंतर समाजवादी पक्षाच्या नगरपालिकेने ऐषारामाच्या वस्तूंवर आणि मोठ्या घरांवर कर बसवले आणि त्या पैशातून कामगारांसाठी चाळी नव्हे, प्रशस्त वसाहती उभ्या केल्या. 1930 मध्ये उद्घाटन झालेली कार्ल मार्क्स होफ ही त्यांतली सर्वांत प्रसिद्ध. एक किलोमीटरहून लांब इमारत, पण बांधकाम जागेच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी. बाकी सगळी अंगणं, झाडं, मुलांना खेळायला मोकळी जागा. सामायिक धुलाईघरं, बालवाड्या, वाचनालयही होतं. आज शहरातली जवळपास निम्मी माणसं नगरपालिकेच्या किंवा अनुदानित घरांत राहतात. डॉक्टर आणि ट्रामचालक एकाच जिन्याने चढतात, ही या शहराची खरी श्रीमंती.

प्रवासाचंही तसंच. 2012 मध्ये वार्षिक पास 365 युरोंवर आणला, म्हणजे दिवसाला एक युरो, आणि बरीच वर्षं तो वाढवला नाही. सरकारी ऑपेरात उभ्याने खेळ पाहण्याची स्वस्त तिकिटं मिळतात. रसिक कठड्याला स्कार्फ बांधून आपली जागा राखतात आणि निर्धास्त बाहेर जाऊन येतात.

तक्रारी नाहीत असं मुळीच नाही. कुरकुर करणं हा व्हिएन्नाकरांचा स्वभावच मानला जातो. खाजगी घरांची भाडी वाढली आहेत आणि नव्याने आलेल्याला नगरपालिकेचं घर लगेच मिळत नाही.

तरीही उन्हाळ्याच्या संध्याकाळी सगळे एकाच ठिकाणी सापडतात: डॅन्यूबमधल्या बेटावर. एकवीस किलोमीटर लांबीचं हे अरुंद बेट माणसाने बनवलेलं आहे. पुरापासून बचावासाठी 1972 पासून नदीला समांतर कालवा खोदला आणि निघालेल्या मातीचं बेट झालं. तेव्हा या योजनेला कडाडून विरोध झाला होता. आता तिथे पोहायला, सायकल चालवायला, मांस भाजायला कुणालाही मज्जाव नाही, पोहण्याला तिकीटही नाही. सप्टेंबर 2024 मध्ये ऑस्ट्रियात महापूर आला, तेव्हा डॅन्यूबचं जादा पाणी याच कालव्याने शहराबाहेर नेलं.