फोटो बघून बीच ठरवताय? आधी कॅलेंडरमधली तिथी बघा!

लाँग वीकेंड जवळ आला की आमच्या पवईच्या ग्रुपवर पहिला मेसेज ठरलेला असतो, "कोकणात जायचं का?" पुढच्या अर्ध्या तासात दहा-बारा रील्स येऊन पडतात. पांढरी वाळू, निळं पाणी, वरून ड्रोन शॉट. ज्या रीलला जास्त हार्ट, तो बीच फायनल.

मागच्या वेळी आम्ही असंच 'मुरुड' फायनल केलं. निम्म्या लोकांनी मॅपवर रायगडमधलं जंजिऱ्याजवळचं मुरुड टाकलं आणि ज्याने रूम बुक केली होती त्याने दापोलीजवळचं, हर्णैच्या शेजारचं मुरुड. एक गाडी इकडे, एक गाडी तिकडे. आता हसायला येतं. पण त्या दिवशी एक गोष्ट लक्षात आली, आम्ही बीचचं नाव सोडून त्याच्याबद्दल काहीच बघितलं नव्हतं.

आणि हे दरवेळी हसण्यावारी जात नाही. फेब्रुवारी 2016 मध्ये जंजिऱ्याजवळच्या मुरुडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले 14 विद्यार्थी बुडाले. एप्रिल 2017 मध्ये मालवणजवळच्या वायरीला बेळगावहून आलेले 8 जण गेले. दोन्ही वेळा पावसाळा नव्हता, वादळ नव्हतं. बुडालेले सगळे बाहेरून आलेले होते.

पवईकरांचं तर पाण्याशी नातंच वेगळं. 1891 मध्ये बांधलेला तलाव रोज डोळ्यांसमोर असतो, पण त्यात मगरी आहेत, त्यामुळे उतरायचा प्रश्न येत नाही. मग समुद्र दिसला की आपण गाडीतून उतरून थेट धावतो. म्हणून कुठला बीच निवडायचा, हे ठरवताना बघायच्या चार गोष्टी आज समजून घेऊया.

1. भरती कधी आहे?

समुद्राला दिवसातून दोनदा भरती येते आणि दोनदा ओहोटी लागते. दोन्हींमध्ये साधारण सहा तासांचं अंतर असतं. भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. म्हणजे तुमच्या मित्राने गेल्या शनिवारी सकाळी जो रुंद बीच बघितला, तो या शनिवारी त्याच वेळेला तसा दिसेलच असं नाही.

ही वेळ काढायचा कोकणातला जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट. कॅलेंडरमध्ये तिथी बघा, तिला तीनने गुणा आणि चारने भागा. सप्तमी असेल तर सात त्रिक एकवीस, भागिले चार, म्हणजे सव्वापाच. सकाळी आणि संध्याकाळी सव्वापाचच्या आसपास भरती आणि सकाळी साडेअकराच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमा आणि अमावास्या दोन्हींना पंधरा धरायचे, पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायचं. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण प्लॅन ठरवायला एवढं पुरतं. नक्की वेळ हवी असेल तर भरती-ओहोटीचं वेळापत्रक ऑनलाइन मिळतं.

पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास चंद्र आणि सूर्याची ओढ एकत्र येते. तेव्हा पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं. त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास हा फरक सगळ्यात कमी असतो, तो भांग. लहान मुलं किंवा आजी-आजोबा सोबत असतील तर भांगाचे दिवस बरे.

आणखी एक गंमत. मुंबई-अलिबागकडे उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटीच्या पातळीत चार मीटरहून जास्त फरक पडतो. मालवणकडे तो साधारण त्याच्या निम्मा असतो. म्हणून अलिबागला ओहोटीच्या वेळी कुलाबा किल्ल्यावर चालत जाता येतं आणि भरतीला तोच किल्ला पाण्याने वेढला जातो. किल्ला बघत रेंगाळलात तर परत यायला होडी शोधावी लागते.

2. किनाऱ्याचा उतार कसा आहे?

कोकणात वाळूच्या किनाऱ्याला पुळण म्हणतात. सगळ्या पुळणी सारख्या नसतात. वाळू बारीक असेल तर ती घट्ट बसते आणि किनारा सपाट राहतो. वाळू जाड असेल तर किनारा उतरता होतो.

हे ओळखायला सोपं आहे. पाण्यात न जाता पाच मिनिटं लाटा बघा. लाटा लांबवर फुटून दोन-तीन रांगांनी हळूहळू येत असतील तर किनारा सपाट. एकच मोठी लाट अगदी काठाशी येऊन आपटत असेल तर उतार तीव्र. तिथे चार पावलांत पाणी गुडघ्यावरून छातीपर्यंत जातं आणि परत जाणारी लाट पायाखालची वाळू ओढून नेते. गणपतीपुळ्याला देवळासमोर पोहू नका असं वारंवार सांगतात, ते यामुळेच. दर्शन घ्या, सूर्यास्त बघा, पाण्यात उतरायला दुसरी जागा निवडा.

सपाट किनाऱ्याचाही एक धोका आहे. तिथे भरतीचं पाणी चढायला लागलं की बघता बघता बरंच आत येतं. वाळूवर गाडी नेऊन फोटो काढणाऱ्यांच्या गाड्या रुततात त्या इथेच.

3. पाणी शांत दिसतंय, पण कुठे?

बहुतेक जण इथे फसतात. दोन्ही बाजूंना लाटा फुटत असतात आणि मध्ये एक पट्टा शांत दिसतो. आपल्याला वाटतं, मुलांना खेळायला हीच जागा चांगली. प्रत्यक्षात किनाऱ्यावर आलेलं पाणी बऱ्याचदा याच पट्ट्यातून समुद्रात परत जात असतं. याला रिप करंट म्हणतात. तो माणसाला खाली ओढत नाही, आत नेतो. माणूस घाबरून थेट किनाऱ्याकडे पोहायला लागतो, दमतो आणि बुडतो.

सापडलात तर किनाऱ्याला समांतर, आडवं पोहा. पट्टा फार रुंद नसतो. पोहता येत नसेल तर तरंगत राहा आणि हात वर करून मदत मागा. बाहेर असलेल्यांनी मागोमाग उडी मारू नये. दोरी, रिकामा कॅन, ट्यूब, जे तरंगतं ते फेकावं, जीवरक्षकाला हाक मारावी आणि 112 ला फोन करावा.

खाडीचं मुख आणि खडकांची कड इथेही हाच नियम. ओहोटी लागली की खाडीचं पाणी जोरात समुद्राकडे धावतं. त्या वेळी तिथे गुडघाभर पाण्यातही उतरू नका.

4. महिना कोणता?

जून ते ऑगस्ट कोकण सगळ्यात देखणं असतं, पण समुद्र सगळ्यात वाईट. राज्यात 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. ज्यांचं पोट समुद्रावर आहे ते होडी काढत नसतील, तर आपण पाण्यात जायचं कारण नाही. गेटवे ते मांडवा बोटीही पावसाळ्यात बंद असतात. पाण्यात खेळायचं असेल तर नोव्हेंबर ते मार्च.

मग पवईहून कुठे जायचं?

आमच्या मते निवडायला सगळ्यात छान पट्टा म्हणजे अलिबाग ते वेळास. जेव्हीएलआरवरून ईस्टर्न एक्स्प्रेस हायवे, मग वाशी, पनवेल, वडखळ, अलिबाग. किंवा भाऊच्या धक्क्यावरून रो-रोत गाडी चढवून मांडवा. पुढे काशीद, मुरुड, आगरदांडा. तिथून फेरीबोटीत गाडीसकट दिघी, मग दिवेआगर. दिवेआगर ते श्रीवर्धन हा शेखाडीवरून जाणारा रस्ता अगदी समुद्राला चिकटून आहे, तो दिवसाउजेडीच करा. पुढे हरिहरेश्वर, बागमांडला आणि परत फेरीने वेसवी, म्हणजे वेळास.

एका वीकेंडला हे सगळं करायला जाऊ नका. निम्मा वेळ गाडीत जाईल. सोबत कोण आहे ते बघून एक किंवा दोन निवडा:

एकच दिवस आहे: अलिबाग, नागाव. जवळ आहे, पण सुट्टीच्या दिवशी गर्दी असणार. ओहोटीची वेळ गाठलीत तर किल्लाही होतो.

फोटो हवेत: काशीद. वाळू पांढरी आहे, रीलमध्ये दिसतं ते खरं आहे. पण लाटांना जोर असतो, त्यामुळे पाण्यात पाय भिजवण्यापुरतंच.

लहान मुलं, आजी-आजोबा: दिवेआगर. लांबलचक सपाट पुळण आणि घरगुती जेवण. 2020 च्या निसर्ग वादळात इथली सुरूची झाडं आणि सुपारीच्या बागा उन्मळून पडल्या होत्या. इथे घरगुती सोयीत राहिलात तर पैसे थेट त्याच घरांत जातात.

देवदर्शन आणि खडक: हरिहरेश्वर. लाटांनी कोरलेल्या खडकांवरून जाणारी प्रदक्षिणेची वाट ओहोटीलाच करायची. पाणी चढायला लागलं की ती सोडून द्या, देव रागवत नाही.

कासवं बघायची आहेत: वेळास. नाना फडणवीसांचं हे मूळ गाव. 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांसोबत इथे ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी जपली. साधारण फेब्रुवारी ते एप्रिल पिल्लं समुद्रात सोडतात. कासवं आपल्या वेळापत्रकाने येत नाहीत, एखाद्या सकाळी एकही पिल्लू निघत नाही. ती तयारी ठेवून जा. फ्लॅश अजिबात नको.

चार दिवस हातात असतील तर गाडी घरी ठेवा, ठाण्याहून कोकण रेल्वे पकडा, कुडाळला उतरा आणि मालवण-तारकर्लीला जा. पाणी नितळ, भरती-ओहोटीतला फरक कमी. पण वायरी त्याच किनाऱ्यावर आहे, हेही लक्षात असू द्या.

शेवटी एक फुकटचं काम. बीचवर पोचल्यावर पाण्याकडे जाण्याआधी टपरीवर चहा घ्या आणि विचारा, "दादा, इथे पाण्यात कुठे उतरायचं नाही?" कुठे उतरायचं हे नका विचारू, कुठे नाही ते विचारा. जाळं टाकणारा, नारळ विकणारा, कुणीही बोट दाखवून सांगेल. तो जिकडे बोट दाखवेल, तिकडे जाऊ नका.

आणि हो, निघण्याआधी ग्रुपवर नाव टाकताना तालुका आणि जिल्हाही लिहा. मुरुड दोन आहेत.