मागून चेंडू द्यायला कोणी हवं

साताऱ्याहून सांगलीच्या एस.टी.त बसले की कऱ्हाडपर्यंत माझा डोळा लागतो. परवा लागला नाही. शेजारी चौदा-पंधरा वर्षांची मुलगी आणि तिचे वडील. मुलीच्या मांडीवर जाळीच्या पिशवीत फुटबॉल.

"कुठं खेळतेस गं? पुढं की मागं?"

"फॉरवर्ड," ती म्हणाली.

वडील म्हणाले, "फॉरवर्ड हाय, पण ताई, मागनं बॉल द्यायला पोरीच न्हाईत. सरावाला सात येत्यात, कधी पाच. मग पोरांत खेळती." जरा थांबून हळूच विचारलं, "ह्यात पुढं काय हाय का हो?"

काय सांगणार? सातारच्या मुलींनी नाव काढलं नाही असं थोडंच आहे! माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिम्पिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी धावली. अदिती स्वामी २०२३ च्या ऑगस्टमध्ये बर्लिनला तिरंदाजीत जगज्जेती झाली, तेव्हा ती अवघी १७ वर्षांची होती. पण धावणं काय, नेम धरणं काय, एकटीला करता येतं. (घरच्यांची धावपळ होते ती वेगळीच!) फॉरवर्डचं तसं नाही. मधल्या फळीतून पास आला नाही, तर तिनं नुसतं गोलखांबाकडं बघत उभं राहायचं.

सांगलीचीच स्मृती मानधना आठवली. खेळ निराळा, अडचण तीच. माधवनगरला वाढलेली ही मुलगी भाऊ श्रवणचं बघून खेळायला लागली. नवव्या वर्षी महाराष्ट्राच्या १५ वर्षांखालील आणि अकराव्या वर्षी १९ वर्षांखालील संघात गेली. ऑक्टोबर २०१३ मध्ये वडोदऱ्याला गुजरातविरुद्ध तिनं १५० चेंडूंत नाबाद २२४ धावा केल्या. सगळे त्या २२४ चं कौतुक करतात. मला कौतुक वाटतं ते मुलींचे तसे सामने भरत होते, याचं. समोर गोलंदाजी करणाऱ्या अकरा मुली नसत्या, तर ते द्विशतक तिनं कुठं ठोकलं असतं?

पैसा मात्र फार उशिरा आला. पुरुषांची आयपीएल २००८ ची, महिलांची लीग थेट २०२३ ची. त्या पहिल्या लिलावात बंगळूरनं स्मृतीसाठी ३ कोटी ४० लाख मोजले. तोवर तिच्या कसोटी पदार्पणाला आठ वर्षं उलटून गेली होती. पुढं २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत विश्वचषक जिंकला, ते आपण सगळ्यांनी पाहिलंच.

फुटबॉल यात मागं आहे. महिलांची राष्ट्रीय लीग २०१७ मध्ये सुरू झाली. मणिपूरची बाला देवी, हीही फॉरवर्डच. मणिपूर पोलिसांत नोकरी करत ती खेळली आणि जानेवारी २०२० मध्ये ग्लासगोच्या रेंजर्स क्लबनं तिला करारबद्ध केलं. परदेशात व्यावसायिक करार मिळालेली ती पहिली भारतीय महिला फुटबॉलपटू. पण मणिपुरात मुलींचे क्लब आहेत, त्यांचे सामने होतात. आपल्याकडं सांगलीपासून पन्नासेक किलोमीटरवर कोल्हापूर. तालमींच्या सामन्यांना शाहू स्टेडियम फुलतं, तिथला अनिकेत जाधव २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. एवढं फुटबॉलवेडं गाव शेजारी असून आपल्या मुलींना अकराचा आकडा जमवताना घाम फुटतो, हे मला खटकतं.

वडिलांना मी बाला देवीचं सांगितलं. "म्हंजे पोलिसांत भरती हाय," त्यांनी त्यातून तेवढंच उचललं. त्यांचं तरी काय चुकलं?

आष्टा मागं पडल्यावर विचारलं, "सांगलीला कुणाकडं?"

"आत्याकडं. तिकडं मुली खेळायला जमतात."

"किती?"

"नऊ," ती म्हणाली. "मी धरून दहा."