एका शिबिराने कॅन्सर हटत नाही

“मागच्या साली शिबिर झालं की, सगळ्या बायांना तपासलं. आता परत कशाला?” गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरचा विषय निघाला की दीपनगर-भुसावळकडे हे वाक्य हमखास ऐकू येतं. घरातल्या बाया म्हणतात तेव्हा समजून सांगता येतं. पण निधी कुठे खर्चायचा हे ठरवणारेही तेच म्हणतात, तेव्हा मात्र संताप येतो.

याचं उत्तर आपल्याच राज्यात मिळालेलं आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाने ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार बायकांचा अभ्यास केला. २००९ साली तो ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आला. शिबिरात करतात तीच तपासणी, म्हणजे अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड लावून पांढरा डाग उमटतो का ते पाहणं, एका गटात एकदाच केली. आठ वर्षांनंतरही त्या गटातले मृत्यू तपासणी न झालेल्या गटापेक्षा म्हणण्यासारखे कमी झाले नाहीत. ज्या गटात हा कॅन्सर घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूची चाचणी एकदा केली, तिथे मात्र ते जवळपास निम्म्यावर आले. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटाने हीच अ‍ॅसिडची तपासणी दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्यांत केली. तिथे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका होत्या.

म्हणजे स्वस्त तपासणी हवी तर ती पुन्हा पुन्हा करावी लागते, आणि एकदाच करायची तर चांगली चाचणी विकत घ्यावी लागते. दोन्हीला वर्षानुवर्षांची तरतूद लागते. अ‍ॅसिडची बाटली काही रुपयांत येते. खरा खर्च पुढे असतो: डाग दिसलेल्या बाईला पुन्हा बोलावणं, तिचं जळगावला जाणं-येणं, बुडालेली मजुरी, उपचाराच्या यंत्राची देखभाल, बदलून गेलेल्या सिस्टरच्या जागी नव्या सिस्टरचं प्रशिक्षण. मंडप आणि बॅनरच्या हिशेबात हे कुठे बसतं? जिल्हा नियोजन समितीचा आराखडा असो की कंपनीचा सीएसआर, या कामाला पाच वर्षांसाठी बांधलेली रक्कम हवी. डाग दिसलेल्या बाईचा पाठपुरावा होणार नसेल, तर तिला तपासून फक्त घोर लावला एवढंच होतं.

“दरवर्षी एवढा पैसा कुठून आणायचा?” प्रत्येक बाईला दरवर्षी तपासावं लागतच नाही. एचपीव्ही चाचणी ३५ व्या वर्षापर्यंत एकदा आणि ४५ पर्यंत पुन्हा एकदा, हे जागतिक आरोग्य संघटनेचं उद्दिष्ट आहे. देशात ३० ते ४९ वयाच्या शंभरातल्या दोन बायकांचीसुद्धा तपासणी झालेली नव्हती, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण (२०१९-२१) सांगतं.

“कॅन्सर झालाच तर जनआरोग्य योजना आहे.” आहे, आणि ती हवीच, पण कॅन्सर होण्याआधीचा बिघाड गोठवून किंवा शेकून काही मिनिटांत, दाखल न होता काढता येतो.

“मले काही तरास नाही.” त्रास सुरू होण्याआधीच तपासायचं असतं, या बिघाडाचा कॅन्सर होईपर्यंत साधारण १५ ते २० वर्षं जातात.

“एचपीव्हीची लस घेतली, आता तपासणी नको.” लस सगळ्या प्रकारच्या एचपीव्हीपासून वाचवत नाही, तपासणी करावीच लागते.

“लशीचे तीन-तीन डोस परवडत नाहीत.” ९ ते २० वयाच्या मुलींना एक डोसही चालतो, असं जागतिक आरोग्य संघटना २०२२ पासून सांगते. २०१० मध्ये या लशीचं भारतातलं एक संशोधन मध्येच थांबवावं लागलं आणि अनेक मुलींचा एकच डोस झाला. त्यांच्यावर दहा वर्षं लक्ष ठेवलं, तेव्हा एका डोसचं संरक्षणही भक्कम टिकलेलं दिसलं. त्या मुलींत पुण्याच्या आणि बार्शीच्या मुलीही होत्या.